गिअर टाकताना दात दातांत बसत नाहीत

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या सेडानचा दुसरा गिअर खर्रर्र करायला लागला. गाडी आठ वर्षांची, लाखाच्या वर चाललेली. पहिला गिअर नीट पडायचा, तिसरा-चौथा तर हात लावताच. फक्त दुसऱ्यात टाकताना दांड्यातून हाताला कंप जाणवायचा आणि मागोमाग तो आवाज. दहा-पंधरा किलोमीटर चालून गाडी तापली की आवाज जवळजवळ नाहीसा व्हायचा.

सोसायटीत तीन सल्ले मिळाले. एकजण ठामपणे म्हणाले, ‘दात गेले, आता गिअरबॉक्सच बदला.’ दुसऱ्यांनी गिअर ऑइलमध्ये ओतायच्या एका बाटलीची शिफारस केली, ‘गिअर लोण्यासारखे पडतात’ या हमीसह. तिसऱ्या काकूंच्या मते नवे टायर टाकल्यापासून गाडीला दृष्ट लागली होती. नवी गाडी आणताना चाकाखाली लिंबू ठेवणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग आहे. पण गाडी आवाज करून काही सांगत असताना ती दृष्ट समजून तशीच चालवत राहिलं, तर पुढे जे बिल येतं ते लिंबाने कमी होत नाही. बाटलीचा सल्ला त्याहून घातक का, ते पुढे सांगतो. आधी पहिला सल्ला, कारण तो गैरसमज गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात असतो.

दांडा पुढे-मागे केला की आत एक दातेरी चाक सरकतं, दुसऱ्या दातेरी चाकात जाऊन बसतं, आणि नीट बसलं नाही की दात घासतात, असं चित्र आपण शाळेपासून रंगवत आलो आहोत. आजच्या मॅन्युअल गाडीत पुढे जाण्याच्या गिअरमध्ये असं काही घडत नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. गाडी न्यूट्रलमध्ये असतानाही. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टला, म्हणजे फिरत्या लोखंडी आसाला, पक्कं बसवलेलं असतं आणि दुसरं शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकणं म्हणजे त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी बांधून टाकणं. हे काम करते ती स्लीव्ह, म्हणजे आतून खाचा असलेली एक जाड कडी. दांडा हलवला की केबल ओढली जाते, केबल फोर्कला सरकवते आणि फोर्क या कडीला. कडी मोकळ्या चाकाच्या बाजूला असलेल्या बारीक दातांवर चढली की गिअर पडला.

आता अडचण बघा. समजा गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी २० किलोमीटरने चालली आहे. साधारण १.९ मीटर परिघाचं चाक मिनिटाला १७५ फेरे घेतं. चाकं आणि गिअरबॉक्स यांच्यातलं शेवटचं गुणोत्तर चार धरलं तर गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट ७०० फेरे घेतो आहे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीन असेल तर इंजिनाकडचा शाफ्ट २,४५० फेऱ्यांवर आहे. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९ असेल, तर त्याच वेगाला तोच शाफ्ट १,३३० फेऱ्यांवर असायला हवा. म्हणजे तुम्ही क्लच दाबून दांडा ओढता त्या क्षणी अकराशे फेऱ्यांचा फरक मिटायचा असतो. तो न मिटता कडी चढवायचा प्रयत्न झाला तर खर्रर्र.

जुन्या ट्रकचे आणि एसटीचे चालक हा फरक स्वतः मिटवायचे. खालच्या गिअरमध्ये यायचं तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक फटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. याला ‘डबल क्लच’ म्हणत. कानाने इंजिनाचा सूर ऐकून फेरे जुळवणारी ती माणसं होती, आणि घाटात हे करताना एका हातात स्टीअरिंग असायचं. १९२८ साली कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन यांनी शोधलेली सिंक्रोमेश, म्हणजे फेरे आपोआप जुळवणारी, पद्धत आपल्या गाड्यांत आणली आणि चालकाच्या कानाचं काम पितळेच्या एका रिंगेकडे गेलं.

ही रिंग मला गिअरबॉक्समधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

सिंक्रो रिंग बांगडीएवढी असते. आतून ती सपाट नसते, शंकूसारखी किंचित निमुळती असते. मोकळ्या चाकाला तसाच पोलादी शंकू असतो. कडी पुढे सरकू लागली की आधी या रिंगेला ढकलते, रिंग शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचे फेरे जुळू लागतात. स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट बसले की निघता निघत नाहीत, हे घरात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. निमुळत्या पृष्ठभागाची ही करामत आहे: थोडं ढकललं तरी भिंतींवर दाब कितीतरी पटींनी वाढतो. रिंगेचा कोन साडेसहा अंशांच्या आसपास असतो. त्याची साइन ०.११३. म्हणजे जेवढ्या जोराने ढकललं त्याच्या जवळजवळ नऊपट जोराने रिंग शंकूला आवळते. मग कोन आणखी कमी का ठेवत नाहीत? कारण कोनाची टॅन घर्षणांकापेक्षा कमी झाली की रिंग पेल्यांसारखी चिकटून बसेल आणि सुटणारच नाही. तेलातल्या पितळ-पोलादाचा घर्षणांक ०.१ च्या जवळपास धरा; साडेसहा अंशांची टॅन ०.११४. इतक्या काठावरचं हे गणित आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. फेरे जुळले की नाही, हे कडीला कळतं कसं? तिथे सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. रिंगेच्या बाहेरच्या कडेला छोटे दात असतात आणि त्यांची टोकं घराच्या छपरासारखी उतरती घासलेली असतात. रिंग शंकूला टेकताच घर्षण तिला जराशी फिरवतं, जेमतेम अर्ध्या दाताएवढी. तेवढ्याने तिचे दात कडीच्या खाचांसमोर आडवे येतात. दार बंद. तुम्ही दांडा ढकलत असता, त्या उतरत्या टोकांमुळे तुमचा जोर रिंगेला परत जागेवर वळवू पाहतो, पण घर्षण तिला आडवं धरून ठेवतं. जोवर फेऱ्यांत फरक आहे, तोवर घर्षण जिंकतं. फेरे सारखे झाले की घसरण थांबते, रिंगेला आडवं धरणारं बळ एकदम शून्य होतं, आणि तुमच्याच हाताच्या जोराने रिंग बाजूला वळून कडीला वाट देते. दांडा हलवताना मध्ये हलकासा अडथळा आणि मग खट्‌कन आत जाणं जाणवतं ना, तो अडथळा म्हणजे हे बंद दार. अडवायचं कधी आणि सोडायचं कधी, हा निर्णय घर्षण स्वतःच घेतं. मला यात आजही नव्याने आनंद होतो.

यातून एक गोष्ट निघते जी बाटली विकणारे सांगत नाहीत: गिअर सहज पडतो तो घर्षणामुळे. रिंगेच्या आतल्या बाजूला स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. शंकूवरचा तेलाचा थर कापून धातूला धातू भिडू द्यायचा, हे त्यांचं काम. तिथे तेल फाजील निसरडं केलं तर घर्षण कमी पडतं, दार वेळेआधी उघडतं आणि कडी फिरत्या दातांवर जाऊन आदळते. गिअर ऑइलच्या डब्यावर ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ असा तेलाचा प्रकार लिहिलेला असतो. आकडा मोठा म्हणून तेल भारी, असं समजू नका. जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं जास्त असतात. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाला, ती हवीच, पण सिंक्रोची पकड त्यांच्यामुळे ढिली होऊ शकते आणि त्यातली काही पितळेला खातात. गाडीच्या पुस्तिकेत जे तेल लिहिलंय तेच आणि तेवढंच टाकायचं. ‘महाग ते चांगलं’ हा नियम इथे चालत नाही, याचा मोठा दाखला २०१३ चा आहे. फोक्सवॅगनने डीएसजी या सात गिअरच्या ड्युअल क्लच (दोन क्लचांच्या ऑटोमॅटिक) बॉक्सच्या १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या आणि त्यांतलं सिंथेटिक तेल काढून साधं खनिज तेल भरलं, कारण सिंथेटिक तेलामुळे बॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता.

आमच्या गाडीकडे परत येतो. गॅरेजमधल्या फिटरने आधी दोन प्रश्न विचारले: ‘सगळे गिअर की एकच?’ आणि ‘इंजिन बंद असताना पडतो का?’ या दोन प्रश्नांत अर्धं निदान होतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर सुरळीत पडतात आणि चालू असताना क्लच दाबूनही पहिला-रिव्हर्स जड जातात, तर बॉक्सला हात लावायचं कारण नाही. क्लच दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारा, क्लच असेल तर क्लचला ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर ओलं दिसतं, पेडल खोल जातं. दांडा ढिला, इकडेतिकडे डुलतोय आणि गिअर नेमका कुठे आहे ते सापडत नाही, तर केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश गेलं असतं. त्याला फार खर्च नाही. गिअर पडल्यावर आपोआप उडून न्यूट्रलला येत असेल तर मात्र कडी, फोर्क किंवा इंजिनचं माउंटिंग बघावं लागतं. आणि एकच गिअर खर्रर्र करतो, तोही तेल थंड आणि घट्ट असताना जास्त, म्हणजे त्या गिअरची रिंग. दुसऱ्याचीच बहुतेकदा आधी जाते, कारण पहिल्यावरून दुसऱ्यावर येतानाची उडी मोठी असते आणि शहरात ती दिवसातून शेकडो वेळा मारावी लागते.

बॉक्स खाली घेतला. फिटरने जुनी रिंग रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिली आणि डब्यातून नवी काढून शेजारी ठेवली. ‘आतून नख फिरवून बघा, सर.’ नव्या रिंगेत नख कर्रकर्र अडत गेलं, पेनाच्या झाकणाच्या आट्यांवरून जावं तसं. जुनीत ते सरळ घसरलं. रेघा पार बसल्या होत्या, पितळ आरशासारखं चकचकीत. मग त्याने जुनी रिंग शंकूवर दाबली. रिंग आणि चाक यांच्यामध्ये नव्या रिंगेला साधारण मिलिमीटरभर फट राहायला हवी. इथे त्याची सर्वांत पातळ पट्टीसुद्धा आत जाईना. रिंग झिजून इतकी खोल बसली होती की चाकाला टेकत होती आणि शंकूवर दाब येतच नव्हता. मुख्य गिअरच्या दातांवर एक ओरखडा नव्हता. ‘दात गेले’ म्हणून आख्खा बॉक्स बदलला असता तर हे सगळं चांगलं सामान भंगारात गेलं असतं. बॉक्स खाली होताच, म्हणून क्लच प्लेटही बदलून घेतली. दुसऱ्यांदा तीच मजुरी देण्यात अर्थ नव्हता.

रिंग लवकर झिजायला आपल्या दोन सवयी हातभार लावतात. क्लच अर्धवट दाबून दांडा ओढणं, म्हणजे इंजिन चालवत असलेला शाफ्ट रिंगेने थांबवायला लावणं. आणि चालत्या गाडीत जोर करून पहिल्यात घुसवणं: ताशी ४० ला पहिला गिअर टाकला तर वरच्याच हिशोबाने शाफ्ट ४,९०० फेऱ्यांवर न्यावा लागेल, बिचाऱ्या पितळेच्या बांगडीने. गाडी चालवताना हात दांड्यावर विसावला असेल तर तोही उचला. तुमच्या हाताचं वजन फोर्कवर जातं आणि फोर्क फिरत्या कडीवर घासत राहतो.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडक्यात. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलत राहणाऱ्या बॉक्समध्ये, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन आधी गुरगुरतं आणि वेग मागून येतो, तो बिघाड नाही. ड्युअल क्लचची गाडी ट्रॅफिकमध्ये इंच-इंच पुढे नेत राहू नका. त्या वेळी आतला क्लच अर्धवट घसरत तापत असतो. आणि दांडा ‘पी’मधून (पार्किंगमधून) हलतच नसेल तर घाबरण्याआधी कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेक लाइटही लागत नसेल, तर पेडलजवळचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलेला असण्याची शक्यता मोठी. ब्रेक दाबल्याचा निरोप त्या स्विचकडून मिळाल्याशिवाय दांडा सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी एक छोटं झाकण असतं. ते काढून आत किल्ली दाबली की दांडा सुटतो आणि गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. चढावर गाडी लावताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’. ‘पी’ म्हणजे आत अडकवलेलं एक लहानसं पोलादी बोट आहे, आख्ख्या गाडीचा भार त्याच्यावर टांगायचा नाही.

राहिला रिव्हर्स. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत त्याला सिंक्रो रिंग नसते, आणि तिथे मात्र खरोखर दात दातांत सरकवले जातात. त्याचे दात सरळ कापलेले असतात, म्हणून मागे जाताना तो ओळखीचा घूंऽऽ आवाज येतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्या, मग रिव्हर्स टाका. तरी खर्रर्र केलाच तर क्लच दाबलेलाच ठेवून आधी पुढचा कुठलाही गिअर टाका. त्याची रिंग शाफ्ट थांबवून देते. मग रिव्हर्स पडतो, आवाज न करता.