बोट लागते ती कानाला

ठाण्याच्या तरणतलावात आमच्यातला जो पट्टीचा पोहणारा म्हणून मिरवत होता, तोच मालवणात स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला गेलो तेव्हा, सगळ्यात आधी आडवा झाला. तेही पाण्यात उतरण्याआधी. होडी किनाऱ्यापासून लांब जाऊन नांगर टाकून उभी राहिली. हा खाली वाकून सिलिंडरचे पट्टे शोधू लागला आणि पाच मिनिटांत काठावर ओणवा झाला. आम्ही हसलो. थोड्याच वेळात हसणाऱ्यांपैकी दोघे त्याच्या शेजारी होते, त्यातला एक मी. होडीचा तांडेल मात्र डिझेलच्या धुरात बसून निवांत उसळपाव खात होता.

याला आपण ‘बोट लागणे’ म्हणतो. आगबोटीने कोकणात जाणाऱ्या पिढीच्या तोंडी हाच शब्द असे. लागते ती पोटाला, असं आपण धरून चालतो आणि उपायही पोटाचे करतो: आवळासुपारी, लिंबू, नाहीतर सरळ उपास. पण तक्रार सुरू होते ती कानात.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र असतं. त्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे वळलं ते सांगतात. शेजारच्या दोन इवल्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असतो त्याच पदार्थाचे, बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कललं की ते घसरतात. पण शरीर एकदम पुढे ढकललं गेलं किंवा वर उचललं गेलं तरीही ते घसरतातच. कललो की सरकलो, हे नुसत्या त्या कणांवरून कळत नाही. मेंदूला अंदाज बांधावा लागतो. हालचाल संथ असेल तर तो म्हणतो कललो, जलद असेल तर म्हणतो सरकलो.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याची कंबर मोडते, पण त्या दणक्यांनी कुणाला मळमळत नाही, कारण ते सेकंदाला कितीतरी वेळा बसतात. चालतानाही आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे असल्या जलद हादऱ्यांचा मेंदूला जन्माचा सराव. पंचाईत होते ती मधल्या वेगाला. माणसांना बंद खोलीत बसवून वर-खाली हलवण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले, ते १९७४ साली प्रसिद्ध झाले. सर्वाधिक उलट्या झाल्या त्या सुमारे सहा सेकंदांना एक हेलकावा या गतीला. नांगरलेली होडी लाटेवर अगदी याच सुमाराला डोलते! हे कलणं की सरकणं, मेंदूला ठरवता येत नाही. त्यात डोळे पायाशी असलेल्या बॅगेवर खिळलेले, म्हणजे ते सांगतात सगळं स्थिर आहे. या भांडणाची परिणती मळमळीत होते. दोन्ही कानांतलं हे यंत्र निकामी असलेल्या माणसांना बोट लागत नाही, यावरून मूळ कुठे आहे ते कळतं.

पण भांडण कान-डोळ्यांचं असताना उलटी कशाला? विष पोटात गेल्यावरही संवेदनांचा असाच गोंधळ उडतो, म्हणून शरीर पोट रिकामं करतं, असा एक तर्क १९७७ साली मांडला गेला. तर्क गमतीचा आहे. सिद्ध मात्र झालेला नाही.

आता आमचं काय चुकलं ते सांगतो. रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडली, पहाटेपर्यंत गप्पा मारल्या, कुडाळहून रिक्षाने मालवण आणि थेट होडीत. जागरण झालेलं आणि पोटात चहाशिवाय काही नाही. त्यात सामान जोडायचं काम होडीवर. हे काम किनाऱ्यावरच उरकावं, कारण डोलत्या होडीत मान खाली घालून बकलं लावण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. मोबाइल बघणंही त्याच जातीचं. होडीत मधोमध बसावं. टोकं जास्त उसळतात. इंजिनाचा धूर टाळावा आणि नजर दूर, न हलणाऱ्या गोष्टीवर ठेवावी. मालवणात त्यासाठी सिंधुदुर्गाचा तट आयताच समोर आहे. दुपारी खारे वारे जोर धरतात, म्हणून सकाळची फेरी बरी.

मळमळीची गोळी बोट लागल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं. ती आधीच घ्यावी लागते. पण ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि पाण्याखाली पेंगणं परवडणारं नाही. म्हणून डॉक्टरांना ‘प्रवासाला चाललोय’ एवढंच न सांगता ‘स्कूबा करणार आहे’ हे सांगायचं, आणि गोळी आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची. आल्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, पण आलेपाक खाल्ल्याने नुकसान नाही.

खरी गंमत पाण्याखाली आहे. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने विरते. खोल समुद्रात पाच सेकंदांची लाट साधारण ३९ मीटर लांब असते. तिच्या खाली १० मीटरवर पाण्याची हालचाल पृष्ठभागाच्या एक-पंचमांश उरते. म्हणून हलकं मळमळत असेल तर होडीवर रेंगाळण्यापेक्षा आपला नंबर पहिला लावून घ्यावा. मात्र दहा सेकंदांची लांब लाट असेल तर तेवढ्याच खोलीवर दोन-तृतीयांश हालचाल शिल्लक असते. म्हणजे तिथेही सुटका नाही.

खाली उलटी आलीच, तर तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं साधन, काढायचं नाही. दातांत धरून ठेवायचं, हाताने दाबायचं आणि त्यातूनच उलटी करायची. ती बाहेर जाते. काढून टाकलं तर पुढच्या श्वासाला पाणी आत येतं. (मासे जमतात मेजवानीला, ते निराळं.) खाली अचानक गरगरलं तर ती बोट नव्हे, दोन कानांतला दाब सारखा झाला नसेल किंवा थंड पाणी एकाच कानात आधी शिरलं असेल. दोर किंवा खडक धरून थांबलं की बहुधा ओसरतं. होडीवर वारंवार उलट्या झाल्या असतील तर मात्र उतरूच नये. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात डायव्हिंगचा धोका वाढतो. इन्स्ट्रक्टरपासून लाजेखातर लपवणारे असतात. आमच्या पोहणाऱ्यानेही आधी ‘काही नाही, ॲसिडिटी’ असंच सांगितलं होतं. इन्स्ट्रक्टरने त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला होडीवरच ठेवलं.

तांडेलाला लागत नाही, कारण मेंदू दोन-चार दिवसांत हेलकाव्यांचा हिशेब शिकतो आणि त्याचा तर रोजचाच शिरस्ता. एका दिवसाच्या पाहुण्याला तो शिकवणीचा वेळ मिळत नाही. थोडाफार मिळालाच, तर त्याची परतफेड उलटी होते: दुसऱ्या दिवशी ठाण्यात घरी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बाथरूम संथपणे डोलू लागलं.