100 वॅटच्या स्पीकरला 20 वॅटचा अँप?

परवा मेहुण्याने गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटसाठी स्पीकर घेतले, मागे लिहिलंय 100 वॅट, तर दुकानदार म्हणे अँप, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारा अँप्लिफायर, 20 वॅटचाच घ्या, स्पीकर जळायची भीतीच नाही. ऐकायला एकदम पटतं. पण होतं कधीकधी उलटंच.

आधी माहितीपत्रकातली सेन्सिटिव्हिटी बघा, ती कोणी बघतच नाही. याची 87 डेसिबल, म्हणजे 1 वॅट दिला की 1 मीटरवर 87. सोफा अडीच मीटर लांब म्हणून आवाज कमी होतो, पण स्पीकर दोन आहेत आणि भिंतीही थोडा परत फेकतात, धरा 84. घरात सरासरी 80 म्हणजे चांगलाच जोरात, आणि त्याला लागतात फक्त 0.4 वॅट!

मग एवढे वॅट कशाला? तर नाशिक ढोलासाठी. 80 ही सरासरी झाली, पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये टिपरू पडलं की तेवढ्या क्षणाला आवाज 20 डेसिबलने उसळू शकतो. 3 डेसिबलला पॉवर दुप्पट, 10 ला दहापट, 20 ला शंभरपट. म्हणजे 40 वॅट, क्षणभरच पण लागतात. आणि पाहुणे आले म्हणून 6 डेसिबल वाढवलं की 160! कानाला मात्र तेवढ्याने दुप्पटही वाटत नाही, त्याला साधारण 10 डेसिबल लागतात.

आता माझा आवडता भाग. 20 वॅटचा अँप 8 ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त 18 व्होल्टच्या आसपास शिखर देऊ शकतो, त्याच्या पुढे सप्लायच संपतो. शाळेत काढलेली साइन लाट आठवा, गोल डोंगर. तिचा माथा कापला जातो आणि उरतं अंजनेरीसारखं सपाट पठार, यालाच क्लिपिंग म्हणतात. पार चौकोनी लाट झाली तर तेवढ्याच उंचीत पॉवर दुप्पट, म्हणजे 20 वॅटवाला 40 च्या जवळ जातो. शिवाय फुरिए या गणितज्ञाच्या सिद्धांतानुसार कुठलीही लाट साध्या साइन लाटांची बेरीज असते, आणि टोकदार कोपरे काढायला मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा वरच्या लाटा लागतात. स्पीकरमधलं आवाज वाटून देणारं सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, त्यातल्या उंच फ्रिक्वेन्सीच्या लाटा इमानदारीत ट्विटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे, पाठवतो. त्यात बेस छताला टेकलेला असताना आपण व्हॉल्युम वाढवतच असतो, म्हणजे खरी ट्रेबलपण वाढतच जाते. ट्विटरची कॉइल केसासारख्या तारेची, मागे लिहिलेल्या 100 वॅटमधला तिचा वाटा थोडासाच, ती तापते आणि जाते. बेसचा मोठा स्पीकर, वूफर, मात्र ठणठणीत! अर्थात बेताने ऐकणाऱ्याचं 20 वॅटमध्ये आयुष्यभर काही बिघडत नाही, आणि 300 वॅटचा अँप बेभान पिळला तर तोही स्पीकर जाळतोच.

पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीतले फुगवलेले, हजारो वॅट तर विसराच, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, किती ते विचारा. आणि बाण छापलेल्या महागड्या स्पीकर केबली, अमुक दिशेनेच जोडा म्हणे! अहो सिग्नल एसी आहे, सेकंदाला शेकडो हजारो वेळा इकडून तिकडे जातो, त्याला कसली आलीय दिशा, वास्तुशास्त्र आहे का ते.

मेहुण्याने शेवटी 80 वॅटचा घेतला. 100 वाला पण समोर होता, पण फरक जेमतेम 1 डेसिबलचा, वाचलेल्या पैशात म्हटलं जाड पडदे घे, खोली फार घुमते.