स्की व स्नोबोर्डच्या कडांना घरी यंत्राने धार लावणे

स्की आणि स्नोबोर्ड यांच्या तळाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टी जडवलेली असते. टणक बर्फावर वळताना ही पट्टी बर्फात रुतते आणि वापराने बोथट होत जाते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या हत्याराने ती घरच्या घरी पुन्हा धारदार करणे हा या नोंदीचा विषय होय. कानस आणि कोन धरणारा गाइड घेऊन हाताने धार लावण्याची रीत सर्वमान्य आहे. यंत्राबद्दल मात्र जाणकारांची मते बरीच वेगळी पडतात. वादाचे मुद्दे मुख्यतः दोन : कडेला लागणारी उष्णता आणि बिघडणारा कोन. ते समजून घ्यायचे तर कड तळाशी कशी जोडलेली असते आणि ती तशी केव्हापासून जोडली जाऊ लागली, हे आधी पाहावे लागते.

पोलादी कडेचा उगम : स्कीला धातूची कड प्रथम कोणी लावली याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. नॉर्वेजियन समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडले, तेव्हा त्यांच्या तुकडीतील काही स्कींच्या तळाला पातळ पोलादी पत्रा होता. काही लेखक पोलादी कडेची वंशावळ तेथून सुरू करतात. तो पत्रा तळासाठी होता, वळणावर पकड मिळावी म्हणून कडेपुरता लावलेला नव्हता. त्यामुळे त्याला आजच्या कडेचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते.

आजच्या अर्थाने पोलादी कडेचे श्रेय सामान्यतः ऑस्ट्रियातील झाल्ट्सबुर्गजवळच्या हालाइन येथील गिर्यारोहक रूडोल्फ लेट्नर यांना दिले जाते. १९१७ च्या सुमारास एका चढाईत ते टणक उतारावरून घसरले आणि स्कीच्या काठीचे पोलादी टोक बर्फात रोवून वाचले. त्यातून स्कीलाच पोलाद लावण्याची कल्पना त्यांना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. पेटंटाचे साल बहुतेक ठिकाणी १९२६ असे आढळते, काही ग्रंथ त्यानंतरची एकदोन वर्षे देतात. हा फरक कल्पना, पेटंट आणि प्रत्यक्ष विक्री यांपैकी कोणती तारीख धरली यावरून पडलेला दिसतो. १९२६ हे साल धरून प्रसाराचा काळ १९३० च्या आसपासचा मानणे अधिक सयुक्तिक आहे.

लेट्नर यांची कड अखंड नव्हती. पोलादाचे छोटे छोटे तुकडे लाकडात खाच पाडून स्क्रूने एकापुढे एक बसवलेले असत. स्की वाकते तेव्हा सलग पट्टी लाकडाबरोबर वाकत-ताणत नाही, म्हणून ही योजना. स्क्रू सैल होत, तुकडे निसटत. पण एखादा खराब झाला तर तेवढाच काढून नवा बसवता येई. धातूची स्की यशस्वी करणारे अमेरिकन अभियंते हॉवर्ड हेड यांच्या १९५० च्या सुमाराच्या स्कीत ॲल्युमिनियमचे पत्रे आणि लाकडी गाभा दाबाखाली चिकटवून त्यांतच सलग पोलादी कड बसवलेली होती. पुढे फायबरग्लासच्या स्कीतही कड अशीच थरांमध्ये चिकटवली जाऊ लागली. धार लावण्याच्या दृष्टीने हा बदल निर्णायक ठरला. सलग कडेवरून फिरते चाक अडखळल्याशिवाय जाऊ शकते. स्क्रूच्या तुकड्यांवरून ते नीट गेले नसते. पण आता कड डिंकाने धरलेली आहे, आणि डिंकाला उष्णता सोसत नाही. यंत्राची सोय आणि यंत्राचा धोका दोन्ही एकाच रचनेतून आले.

स्नोबोर्डची कहाणी धूसर आहे. शर्मन पॉपेन यांच्या १९६५ च्या ‘स्नर्फर’ फळीला धातूची कड नव्हती. नंतरच्या कारागिरांनी तसे प्रयोग केले आणि १९८० च्या दशकात पोलादी कड रूढ झाली, एवढे म्हणता येते.

कोन : कडेला दोन पृष्ठे असतात, तळाकडचे आणि बाजूचे. तळाकडचे पृष्ठ तळाच्या पातळीपासून साधारण ०.५° ते १° वर उचललेले असते, त्यामुळे सपाट घसरताना कड उगाच अडकत नाही. बाजूचे पृष्ठ काटकोनापासून १° ते ३° आत झुकवतात. तळाला १° आणि बाजूला २° असेल तर धारेचा कोन ८९° होतो, ०.५° आणि ३° असेल तर ८७.५°. शर्यतीच्या स्कीत बाजूचा झुकाव जास्त असतो. घरगुती कामात फक्त बाजूचे पृष्ठ घासावे, असे मत प्रबळ आहे आणि ते योग्य दिसते. बाजूचा कोन चुकला तर पुन्हा घासून सुधारता येतो. तळाकडचा कोन एकदा वाढला की तो कमी करण्यासाठी सगळा तळच कडेसह खाली घासावा लागतो आणि ते काम कार्यशाळेतल्या मोठ्या यंत्राचे आहे.

या आकड्यांची सूक्ष्मता ध्यानात घेतली पाहिजे. कड सु. २ मिमी. रुंद आणि तेवढीच उंच असते. २ मिमी. रुंदीवर १° चा फरक म्हणजे केवळ ०.०३५ मिमी. हातात मोकळे धरलेले हत्यार इतक्या बारकाईने स्थिर राहू शकत नाही, मग हात कितीही सरावलेला असो. म्हणून नुसता अँगल ग्राइंडर किंवा बेल्ट सँडर कडेवर टेकवून फिरवणे ही पद्धत निषिद्ध मानावी. हत्यार गाइडवर पक्के बसलेले हवे आणि गाइडची पट्टी तळावर सपाट टेकलेली हवी. त्यासाठी तळही सपाट असावा लागतो. मध्यभागी फुगलेल्या तळावर गाइड डुलतो आणि कोन इंचाइंचाला बदलतो. कड घासण्यासाठीच बनवलेली हातात धरण्याची विजेची यंत्रे मिळतात. त्यांत चाक आणि टेकू एकाच सांगाड्यात असतात. त्यांचा खरा लाभ मोटारीपेक्षा या टेकूत आहे.

उष्णता : कार्यशाळेतील दगडी चाकाच्या आणि ओल्या पट्ट्याच्या यंत्रांवर घासण्याच्या जागी सतत पाणी पडत असते. घरची हत्यारे कोरडी चालतात. वेगही कमी नसतो : ११५ मिमी. व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ६६ मी. होतो. अशा चकतीखाली पोलादाच्या पातळ टोकातून उष्णता निघून जायला वाव राहत नाही. पोलाद सु. २२०° ते २३०° से.ला गवती पिवळे आणि ३००° से.च्या जवळपास निळे पडते. निळी झाक आली म्हणजे तेथे पोलादाचे पाणी उतरले. ती जागा मऊ झाली आणि तिची धार टिकणार नाही, असे समजावे.

बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका हा रंगाचा इशारा देऊन थांबतात, आणि तेथे त्या अपुऱ्या पडतात. तळाचे पॉलिएथिलीन सु. १३०° ते १३५° से.ला वितळते आणि कड धरून ठेवणारा इपॉक्सी डिंक त्याच्याही आधी मऊ पडू लागतो. डिंक धारेपासून जेमतेम २ मिमी.वर असतो. हत्यार एका जागी रेंगाळले, तर कडेवर रंगाची छटाही न दिसता आतला सांधा कमजोर होऊ शकतो. पुढे पाणी शिरते आणि कड सुटू लागते. रंगापेक्षा स्पर्श हा अधिक विश्वासू निकष आहे : यंत्र बंद करून कडेवर बोट ठेवावे, चटका बसला तर दाब जास्त आहे किंवा हात हळू चालला आहे. चाक कडेला टेकताना हत्यार पुढे सरकत असले पाहिजे आणि थांबण्याआधी ते उचलले पाहिजे. एक जोरकस फेरी मारण्यापेक्षा अगदी हलक्या अनेक फेऱ्या बऱ्या.

यंत्र हातापेक्षा सरस ठरते अशी एक जागा नक्की आहे. कड दगडावर आपटते तेव्हा घर्षणाने पोलादाचा ठिपक्याएवढा भाग क्षणात तापतो आणि भोवतालच्या थंड धातूमुळे तितक्याच झटकन निवतो. तो भाग काचेसारखा कठीण होतो. त्यावर कानस नुसती घसरते आणि तिचे दातही जातात. हाताने काम करणारे तेथे आधी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा हिऱ्याच्या कणांचा दगड फिरवतात. चाकाचे कण त्याच जातीचे असल्याने ते असा ठिपका सहज कापते.

घासण्याची रीत : स्की व्हाइसमध्ये आवळून, ब्रेक (बूट सुटल्यावर स्की थांबवणारे दांडे) रबराने वर बांधून घेतात. ठिणग्या तळाच्या प्लॅस्टिकमध्ये रुतून बसतात, म्हणून कडेलगतच्या तळावर चिकटपट्टी लावणे हिताचे. कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढून गाइडसह एक हलकी फेरी मारावी. शाई सगळ्या रुंदीवरून पुसली गेली तर कोन जुळला. फक्त वरची किंवा खालची पट्टी पुसली गेली तर गाइडचा कोन बदलावा. कडेमागची प्लॅस्टिकची भिंत पुढे आलेली असेल, तर ती आधी रंध्याने मागे घ्यावी लागते. ती चाकाखाली आली तर वितळून कण बुजवते.

चाकाचा सपाट चेहरा कडेला लागतो की परीघ, यावर पृष्ठाचा आकार ठरतो. छोट्या चाकाच्या परीघाने किंचित पन्हळ पडते, सपाट चेहऱ्याने पृष्ठ सरळ राहते. चाकाचे ओरखडे कडेला बहुधा आडवे किंवा तिरपे पडतात. अशी धार पहिल्या उतारावर चावरी वाटते, पण तिचे सूक्ष्म दाते लवकर मोडतात. म्हणून यंत्रानंतर हिऱ्याचा दगड, आधी ४०० आणि मग ६०० किंवा १००० नंबरचा, त्याच गाइडवर कडेच्या लांबीच्या दिशेने फिरवणे आवश्यक ठरते. शेवटी तळाच्या बाजूला वळलेली बर (घासताना निघालेली पोलादाची बारीक कोर) बारीक दगडाने अलगद काढतात. नख कडेवर आडवे ओढले असता पांढरा कीस निघाला, तर धार आली असे मानतात.

टोक आणि शेपटीकडे, जेथे कड बर्फाला टेकत नाही, तेथे धार मुद्दाम थोडी बोथट करण्याचा प्रघात आहे. किती, याबद्दल मतभिन्नता आहे. १९९० च्या दशकात कंबर जास्त आत घेतलेल्या, म्हणजे मध्यभागी अधिक अरुंद, स्की आल्या. तेव्हापासून धार कमी बोथट करण्याकडे कल दिसतो. स्नोबोर्डला दोनच कडा असतात आणि बाजूचा १° ते २° झुकाव बहुतेकांना पुरतो. नागमोडी कडेच्या बोर्डांवर लांब टेकूचे यंत्र चालत नाही.

मर्यादा आणि दक्षता : २ मिमी. पोलाद हाच कडेचा सगळा साठा आहे आणि यंत्र तो हातापेक्षा वेगाने खर्च करते. त्यामुळे प्रत्येक दिवसानंतर दगड फिरवावा आणि यंत्र बोथट किंवा दगडाने खाल्लेल्या कडेपुरते ठेवावे, ही विभागणी सर्वांत पटण्याजोगी आहे. आतल्या कडा आधी झिजतात. डावी-उजवी वेगळी नसलेल्या स्की अदलून वापरल्या तर यंत्र आणखी उशिरा लागते.

घासताना पोलादाबरोबर इपॉक्सी आणि काचतंतूंची धूळ उडते, म्हणून चष्मा आणि श्वसनपट्टी वापरतात. मेणाचा कीस व मेण काढायचे द्रावक ठिणग्यांच्या टप्प्यात ठेवू नयेत. फिरत्या चाकाजवळ सैल हातमोजे घालू नयेत. नुकत्याच घासलेल्या कडेवर गंज फार लवकर चढतो. कड कोरडी पुसून, तळ ब्रशने साफ करून, दोन्हींवर मेणाचा पातळ हात देऊन ठेवतात.