उपग्रहासाठी संगणक बोर्ड घेण्याआधी

कॉलेजांच्या उपग्रह गटांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा?" बोर्ड विकणारे आम्ही उलट विचारतो, वीज किती आहे?

१० सेंटिमीटरचा घनाकृती छोटा उपग्रह, म्हणजे क्यूबसॅट घ्या. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेला, जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेलेला 'स्वयम्' याच आकाराचा, जेमतेम किलोभराचा. पृथ्वीजवळ उन्हातून चौरस मीटरमागे सुमारे १३६१ वॅट मिळतात. एका बाजूवर प्रत्येकी ३० चौरस सेंटिमीटरचे दोन सौर सेल बसतात आणि चांगला सेलही त्यातले २८ ते ३० टक्केच विजेत बदलतो. म्हणजे ऊन अगदी समोरून आलं तरी अडीच वॅटच्या आतच. ५०० किलोमीटर उंचीवर एक फेरी सुमारे ९५ मिनिटांची, त्यात पस्तीसेक मिनिटं अंधार. बॅटरी आणि कन्व्हर्टरची (व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटची) तूट धरून सरासरी एक वॅट हातात आहे असं समजा. रेडिओचा वाटा काढल्यावर संगणकाला दोन-तीनशे मिलिवॅट उरले तरी खूप.

रास्पबेरी पाय ४ हा लोकप्रिय छोटा संगणक बोर्ड नुसता बसूनच अडीच वॅटच्या वर खातो. टेबलावरच्या चाचण्यांसाठी खुशाल न्या, क्यूबसॅटमध्ये नको.

एमएसपी४३० सारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा साधा छोटा संगणक, काही मिलिवॅटवर चालतो आणि झोपला की मायक्रोअँपिअरवर येतो. बॅटरी, तापमान आणि बीकन (उपग्रहाची खूण सांगणारा ठरावीक रेडिओ संदेश) सांभाळायला तो पुरतो. फोटोंवर प्रक्रिया करायची असेल तर मोठा प्रोसेसर वेगळा ठेवून गरजेपुरताच चालू करा. मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाइलचा स्नॅपड्रॅगन ८०१ होता, पण उड्डाणाचं नियंत्रण वेगळ्या मायक्रोकंट्रोलरकडे होतं. आणि हो, पृथ्वीच्या कक्षेत पंख्याला पुरेल अशी हवा नाही, त्यामुळे पंखा निरुपयोगी. प्रोसेसरची उष्णता धातूतून सांगाड्यापर्यंत पोचवावी लागते.

किरणोत्सर्गाबद्दल एक गैरसमज आम्ही नेहमी ऐकतो: "वॉचडॉग आहे ना!" वॉचडॉग म्हणजे प्रोग्रॅम अडकला की प्रोसेसर आपोआप रीसेट करणारा टायमर. किरणाच्या धक्क्याने मेमरीतला बिट उलटून (० चा १ होऊन) प्रोग्रॅम अडकला, तर वॉचडॉगचा रीसेट कामाला येतो. लॅच-अपमध्ये, म्हणजे किरणामुळे चिपच्या आत शॉर्टसारखा मार्ग तयार झाला तर, मात्र चिप एकदम जास्त करंट ओढू लागते. तिथे नुसत्या रीसेटने भागत नाही, वीज तोडूनच परत द्यावी लागते आणि तीही चिप जळायच्या आत. म्हणून करंट मर्यादा ओलांडताच पुरवठा तोडणारं सर्किट नसलेला बोर्ड आम्ही उड्डाणासाठी देत नाही, मग घासाघीस कितीही करा.

ऑर्डर देताना कक्षेची उंची, मोहिमेची मुदत आणि प्रत्येक भाग एका फेरीत किती मिनिटं चालू राहणार, याचा तक्ता सोबत पाठवा. पेन्सिलीने केलेला असला तरी चालेल.