ईमॅक्समधील ईमेल क्लायंट

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधूनच ईमेल वाचण्यासाठी, शोधण्यासाठी आणि पाठवण्यासाठी असलेले प्रोग्राम. आरमेल, ग्नूस आणि एमएच-ई ईमॅक्ससोबतच येतात. मू-फोर-ई आणि नॉटमच वेगळे बसवावे लागतात. मेल लिहिण्याचा 'मेसेज' मोड बहुतेकांत समान असल्यामुळे निवड लिहिण्याच्या सोयीवर ठरत नाही. मेल कुठे साठतात आणि वाचल्याच्या खुणा, लेबले कोण सांभाळतो, हे आधी पाहावे.

आरमेल सर्वांत जुना. तो नवे मेल इनबॉक्समधून उचलून एम-बॉक्स प्रकारच्या एकाच फाइलीत टाकतो. तेच खाते फोनवरही पाहणाऱ्यांना तो गैरसोयीचा ठरतो.

ग्नूस मुळात न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चा-गट, वाचण्यासाठी बनला. वाचलेला मेल पुढच्या वेळी यादीत दिसत नाही, आणि नवखे लोक तो पुसला गेला असे समजून घाबरतात. मेल जागेवरच असतो. कंट्रोल-यू दाबून गट (ग्नूसमधला मेलचा फोल्डर) उघडला की जुनेही दिसतात. ग्नूस आयमॅप सर्व्हरशी (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचू देण्याच्या पद्धतीच्या सर्व्हरशी) थेट बोलू शकतो, पण सर्व्हर मंद असला की मेल येईपर्यंत सगळा ईमॅक्स अडकून राहतो. मेलिंग लिस्टचा मोठा ओघ चाळण्यासाठी मात्र तो उत्तम आहे.

मू-फोर-ई आणि नॉटमच झापियन या शोधासाठीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीवर (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडवर) उभे आहेत. दोघेही स्वतः मेल उतरवत नाहीत. ते काम एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप हा वेगळा प्रोग्राम करतो आणि प्रत्येक मेल मेलडिर रचनेत स्वतंत्र फाइल म्हणून ठेवतो. आधी टर्मिनलमधून मेल उतरवून पाहावेत, मग इंडेक्स (शोधासाठीची सूची) करावा आणि शेवटी ईमॅक्सकडे वळावे. हा क्रम मोडला की बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधणे अवघड होते.

या दोघांतला फरक महत्त्वाचा आहे. मू-फोर-ई फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवतो, त्यामुळे सिंक झाल्यावर तो बदल फोनवरही दिसतो. एमबीसिंक वापरताना फाइल हलवली की तिचे नाव बदलण्याची सेटिंग चालू करावी. नाहीतर नावातला जुना यूआयडी (फोल्डरमधल्या मेलचा ओळख-क्रमांक) फाइलीबरोबर नव्या फोल्डरमध्ये जातो आणि एमबीसिंक 'डुप्लिकेट यूआयडी' सांगून थांबतो. नॉटमच फाइली हलवत नाही. तो टॅग लावतो, आणि ते आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो. वाचले, तारांकित, उत्तर दिले अशा मोजक्याच खुणा फाइलीच्या नावात उतरतात. बाकीचे टॅग सर्व्हरवर पोचत नाहीत, डेटाबेस गेला की तेही जातात. म्हणून 'नॉटमच डंप', म्हणजे टॅगची राखीव प्रत, नियमित घ्यावा. 'डिलीटेड' टॅगने मेल शोधातून लपतो, डिस्कवरून पुसला जात नाही.

अनेक उपकरणांवर मेल पाहणाऱ्यांनी मू-फोर-ई घ्यावा. एकाच संगणकावर मोठा संग्रह टॅगने लावणाऱ्यांना नॉटमच अधिक सोयीचा.

पाठवण्यासाठी ईमॅक्समधलाच एसएमटीपी-मेल हा भाग पुरतो. सर्व्हरच्या ४६५ पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) जोडणी सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड असते, ५८७ वर ती आधी साधी सुरू होऊन स्टार्ट-टीएलएस या आज्ञेने नंतर एन्क्रिप्टेड होते. ५८७ ला थेट एसएसएल (सुरुवातीपासूनचे एन्क्रिप्शन) लावले तर जोडणीच होत नाही. पासवर्ड ऑथइन्फो या लॉगिनच्या नोंदींच्या फाइलीत ठेवावा आणि ती जीपीजी या प्रोग्रामने एन्क्रिप्ट केलेली असावी. तिथले सर्व्हरचे नाव सेटिंगमधल्या नावाशी तंतोतंत जुळले नाही, तर ईमॅक्सला नोंद सापडत नाही आणि तो पासवर्ड विचारतो. जीमेलसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड (एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) घ्यावा किंवा ओ-ऑथ (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) वापरावे. जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो, म्हणून मू-फोर-ईची स्थानिक प्रत बंद करावी, अन्यथा प्रत्येक मेल दोनदा दिसतो.