दंड मोठा नको, पक्का हवा

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला दुचाकीवाल्यांची एक तऱ्हा बघा. हेल्मेट आरशाला लटकलेलं असतं. दंडासाठी नंबर टिपणारा कॅमेरा असलेला क्रांती चौक जवळ आला की ते डोक्यावर चढतं आणि सिग्नल ओलांडला की पुन्हा आरशाला. ‘मग कॅमेऱ्याचा उपयोग काय?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पण चौकापुरतं का होईना, हेल्मेट डोक्यावर आलं, तेही मामा समोर उभे नसताना!

इटलीच्या बेकारिया या विचारवंताने 1764 मध्येच लिहून ठेवलंय की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षा कडक असल्याने नव्हे, ती चुकणार नाही या खात्रीने. 2019 च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडे दंड भरमसाट वाढले. पण सापडण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर पाच हजारांचा दंड मनातल्या हिशेबात पन्नास रुपयांचाच होतो. कॅमेरा हा हिशेब बिघडवतो. तो जेवायला जात नाही, ‘अमक्या साहेबांचा माणूस आहे’ हेही त्याला ऐकू येत नाही. जगभरातल्या 35 अभ्यासांचा आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर अपघात 11 ते 44 टक्क्यांनी घटलेले दिसले. सगळेच अभ्यास सारख्या दर्जाचे नव्हते, पण कौल एकाच बाजूचा होता.

अडचण आहे ती आरशावरच्या हेल्मेटचीच. कॅमेरा कुठे आहे हे पाठ झालं की लोक तेवढ्यापुरता ब्रेक दाबतात. त्यावरचा तोडगा म्हणजे सरासरी वेग मोजणं. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, दहा किलोमीटरच्या अंतराने दोन कॅमेरे लावले आणि दोघांनी नंबर आणि वेळ टिपली. पाच मिनिटांच्या आत दुसऱ्यापाशी पोहोचलेला माणूस मधे कुठेतरी नक्की पळालाय. कॅमेऱ्यासमोर हळू होऊन सुटका नाही. आणि 120 ऐवजी 140 म्हणजे ‘वीसच तर जास्त’ नव्हे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे तब्बल 36 टक्क्यांनी.

अर्थात नंबर वाचता आला पाहिजे. प्लेटचा पृष्ठभाग प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून रात्रीही आकडे उठून दिसतात. 4141 ला वळणं देऊन ‘दादा’ केलं किंवा प्लेटला चिखल फासला, की संगणक अडखळतो. एकसारख्या अक्षरांच्या नव्या प्लेटचा हट्ट त्यासाठीही आहे.

माझ्या मते खरी गळती पुढे आहे. चलान थकवायचं आणि लोकअदालतीची वाट बघायची, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. शिवाय मेसेज जातो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. पोरगं शहरात सिग्नल तोडतं आणि फोन वाजतो औशाकडच्या शेतात, बापाच्या खिशात. पोराला धाक बसलाच तर तो बापाचा, तोही बापाने मेसेज उघडून वाचला तर.