कार्यक्रम सापडणं वेगळं, सोबत सापडणं वेगळं

फोंड्याहून पणजीच्या कला अकादमीत नाटकाला जायचं आहे, असं समजा. नाटक कधी आहे हे कळायला काहीच लागत नाही, पोस्टर आठवडाभर आधीच व्हॉट्सॲपवर फिरून गेलेलं असतं. घोडं अडतं ते त्यानंतर. ‘तू येतेस?’ ‘ती येत असेल तर.’ ‘गाडी कोण काढतंय?’ ‘आणि परतीची बस चुकली तर?’ असं करत करत सहाजणांपैकी एकही जात नाही. दुसऱ्या दिवशी सहाही जण म्हणतात, अरे, मी आलो असतो की!

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मुलं ‘एकत्र कार्यक्रम शोधायचं ॲप’ प्रोजेक्ट म्हणून घेतात तेव्हा हीच गल्लत होते. नाव सोबतीचं, आणि उघडून बघावं तर आत नुसती यादी. यादीच्या आणि सोबतीच्या, दोन्ही ॲपच्या पडद्यांवर तीच पोस्टरं, तीच तारीख, तेच ठिकाण दिसतं, म्हणून ती एकच वस्तू वाटते. पण यादी ‘काय चाललंय?’ याचं उत्तर देते आणि सोबतीचं ॲप ‘कोणाबरोबर जाऊ?’ याचं. पहिल्या उत्तराला तुम्ही एकटे पुरता. दुसऱ्याला पुरत नाही.

यादी सोपी म्हणून सोडून द्यावी, तर गोव्यात तीही सरळ नाही. सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, २४ जूनला, दर वर्षी. दिवाडी बेटावरचा बोंदेरा हा उत्सव ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. कॅलेंडरची ॲप्स ज्या आयकॅलेंडर पद्धतीवर चालतात तिच्यात या दोन्ही गोष्टी एकेका ओळीत लिहिता येतात. पण वास्कोचा दामोदर सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि नागपंचमी २०२४ मध्ये ९ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये २९ जुलैला. तिथी त्या पद्धतीत बसतच नाही. ईस्टरच्या तारखेनुसार हलणारा कार्निव्हालही नाही. ‘दर वर्षी रिपीट’ हे बटण ठेवलंत तर ते निम्म्या गोव्याच्या बाबतीत चुकीची तारीख दाखवेल. तेव्हा या तारखा पंचांग बघून दर वर्षी हातानं भराव्यात. प्रत्येक गटात असा एक चिवट मुलगा किंवा मुलगी असतेच. दुसरी अडचण इफ्फी हा चित्रपट महोत्सव किंवा सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, अशांची. एक महोत्सव म्हणजे एक नोंद नव्हे. महोत्सव वर आणि त्याखाली प्रत्येक खेळ वेगळा, अशी मांडणी पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर दोघं ‘इफ्फीला भेटू’ म्हणतात आणि दोन वेगळ्या सिनेमांना जाऊन बसतात.

यादीपुरतं एवढं पुरे. खरी गंमत सोबतीत आहे.

बहुतेक मुलं सोबतीसाठी ‘इंटरेस्टेड’ असं बटण देतात आणि काम झालं समजतात. ते बटण म्हणजे लग्नाच्या पत्रिकेला ‘नक्की बघतो’ म्हणण्यासारखं आहे. त्यानं आवड कळते, येणं कळत नाही. ‘येतोय’ हे दुसरं बटण त्याहून बरं, पण ते पहिलं कोण दाबणार?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये याची नीट मांडणी केली होती. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: इतके जण पुढे झाले की मी होईन. शंभर माणसांचे उंबरठे शून्य, एक, दोन असे नव्व्याण्णवपर्यंत असतील तर पहिला उठतो आणि त्याच्यामागून सगळे उठतात. त्यातल्या ‘एक’वाल्याच्या जागी ‘दोन’वाला आणून बसवा. आता पहिला उठतो आणि एकटाच उभा राहतो. बाकी माणसं तीच, आवड तीच, निकाल मात्र पार उलटा. आपल्या सहाजणांत तर शून्यवाला कोणी नव्हताच!

इथे ॲपला असं काही करता येतं जे व्हॉट्सॲप ग्रुपला जमत नाही. प्रत्येकाकडून अट घ्यायची, पण ती कोणाला दाखवायची नाही. ‘आणखी दोघं असतील तर मी.’ समजा पाचजणांनी अटी दिल्या: दोघांना आणखी दोन माणसं हवीत, दोघांना तीन, एकाला पाच. सगळे येणार असं धरून सुरुवात करायची. प्रत्येकाला इतर चारजण मिळतात, म्हणून पाच मागणारा गळतो. उरले चार, प्रत्येकाला तिघांची सोबत, आणि त्यांच्या सगळ्या अटी पुऱ्या. चौघांना एकाच क्षणी निरोप जातो: ठरलं. पहिल्यानं हात वर करायचा प्रश्नच उरत नाही, आणि गळलेल्याची अटही कोणाला कळत नाही. कोड म्हणाल तर वीस-पंचवीस ओळी. बाकी वर्षभर मुलं लॉगिनचा पडदा सजवण्यात घालवतात ते घालवतात.

अट फक्त माणसांची नसावी. ‘परतीला गाडी असेल तर’ ही आपल्याकडची सगळ्यात मोठी अट, विशेषतः साखळी-पेडण्याकडच्या मुलींची. बोंदेऱ्याला तर दिवाडीहून परतायला फेरीबोटही धरायची असते. गाडीत चार जागा आहेत म्हणणारा एक माणूस मिळाला की चारजणांचा उंबरठा खाली येतो, म्हणून रिकाम्या जागांचा रकाना मी तरी पोस्टरच्या फोटोच्या वर ठेवीन.

यादी जितकी उघडी तितकी चांगली, मंदिरासमोरच्या फळ्यासारखी. सोबतीचं उलट. अमुक मुलगी शनिवारी रात्री अमुक ठिकाणी असेल, हे त्या माहितीतून सरळ वाचता येतं. फेसबुकनं एप्रिल २०१८ मध्ये बाहेरच्या ॲप्सना कार्यक्रमांच्या पाहुण्यांची यादी देणं बंद केलं, त्यामुळे तिथून ती ओढून आणू हा बेत तसाही सोडा. नावं ठरलेल्या गटापुरतीच दिसावीत आणि कार्यक्रम झाला की पुसली जावीत. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असू शकतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या खालचा प्रत्येकजण मूल धरला आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या किचकट भागाला घाबरून मुलं परत यादीकडे वळतात, हेही पाहिलं आहे.

चाचणीतही दोन्ही वेगळी वागतात. नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप प्ले स्टोअरवर टाकायचं तर गूगलला आधी किमान बाराजणांची सलग चौदा दिवस ‘बंद’ चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, लागते. यादीला हे बाराजण कुठलेही चालतील, एखादी आत्या कुडाळला बसूनही चालेल. सोबतीला मात्र बाराही जण एकाच वर्गातले, शक्यतो एकाच बसनं येणारे हवेत, आणि ते चौदा दिवस नोव्हेंबरातले, म्हणजे मध्ये इफ्फी येते.